जुलाब थांबले, पोट मात्र ताळ्यावर येईना: संसर्गानंतरच्या आयबीएसचे एक प्रकरण

आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम) म्हणजे तपासण्यांत बिघाड न दिसताही पोटदुखी आणि शौचाची तक्रार चालू राहणे. हे प्रकरण मालवण तालुक्यातल्या एका किनारी गावातले आहे. रुग्णाची संमती घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

सुलभाताई अडतीस वर्षांच्या. घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत आणि त्या पाहुण्यांचे चहा-नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळे त्याच बघतात. नवरा ट्रॉलरवर, घरात सासूबाई आणि आठवीतली मुलगी. कमाईचे दिवस दिवाळी ते मे.

जुलैत पाऊस सलग लागला, वाडीतली विहीर काठोकाठ भरली आणि वरच्या अंगाने वाहून आलेले पाणी आत उतरले. आठवड्याच्या आत पाच-सहा घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले. सुलभाताईंचे दुखणे त्यात सगळ्यांत लांबले, ताप आणि जुलाब मिळून आठवडाभर. शौचाची तपासणी कोणाचीच झाली नाही. तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या प्रतिजैविकांच्या गोळ्या आल्या, जुलाब कमी होताच त्या अर्ध्यावर सुटल्या. गणपतीच्या आधी पोट पुन्हा बिघडले तेव्हा त्याच गोळ्या घेतल्या, दिवाळीनंतर तिसऱ्यांदा घेतल्या. दर खेपेला चार दिवस बरे जायचे आणि मागचे सुरू व्हायचे.

फेब्रुवारीत त्या माझ्या दवाखान्यात आल्या तेव्हा मूळ दुखण्याला सात महिने झाले होते.

तक्रार नेमकी काय होती

सकाळी उठल्यावर तासाभरात तीन-चार वेळा शौचाला जावे लागे, पातळ आणि घाईची. आधी बेंबीखाली कळ येई, शौच झाली की ती ओसरे. दुपारी जेवल्यावर पोट भरू लागे आणि संध्याकाळपर्यंत परकराची नाडी सैल करावी लागे इतके फुगे. "पोटात नुसता गुडगुडता," त्या म्हणाल्या, "आणि आता काय्येक खाऊक भीती वाटता."

ही भीतीच जास्त बोलकी होती. पहाटे मासळी बाजारात जाणे त्यांनी बंद केले होते, कारण लिलाव चालू असताना घाई लागली तर जायचे कुठे? एसटीचा प्रवास टाळला होता. हळदीकुंकवाला जायच्या त्या न जेवता. शेजारच्या घरात आतड्याच्या कॅन्सरने एक जण गेला होता, तो विषय त्यांनी अगदी उठता उठता काढला. असा प्रश्न बहुतेक रुग्ण दारापाशी पोचल्यावरच विचारतात, म्हणून मी त्यांना पुन्हा बसवले.

शौचासाठी रात्री झोपेतून उठावे लागत नव्हते. रक्त नव्हते, ताप नव्हता, वजन स्थिर होते.

आधी काय वगळले

जुलाबाचा आयबीएस हे निदान लक्षणांवरून करता येते. २०१६ च्या रोम-४ निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी हवी, तिचा संबंध शौच होणे, शौचाच्या वेळा आणि घट्ट-पातळपणा यांपैकी किमान दोन गोष्टींशी हवा, आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले हवेत. सुलभाताई त्यात बसत होत्या. तरीही आपल्याकडे पोटाचा टीबी आणि जंतांचे विकार डोळ्याआड करून चालत नाही. म्हणून रक्ताची साधी तपासणी, शरीरातली सूज सुचवणारी ईएसआर चाचणी, थायरॉईड, शौचाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि सोनोग्राफी केली. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिॲक आजाराची रक्तचाचणी आणि शौचातले कॅलप्रोटेक्टिन यांचे नमुने बाहेर पाठवावे लागले. आतड्याला सूज असेल तर कॅलप्रोटेक्टिन वाढते. ५० च्या खाली असेल तर सूज असण्याची शक्यता फारच कमी. त्यांचे २८ आले. बाकी सगळे अहवालही नीट होते. दोन आठवडे दूध पूर्ण बंद ठेवून पाहिले, काही फरक पडला नाही.

पहिला निर्णय इथे होता: कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायची का? त्यासाठी गोवा किंवा कोल्हापूर गाठावे लागले असते. वय, धोक्याच्या खुणा नसणे आणि कॅलप्रोटेक्टिन पाहता गरज नव्हती. ती का करत नाही आणि कोणती खूण दिसली तर लगेच करू, हे मी कागदावर लिहून दिले. कॅन्सरच्या भीतीला तोंडी दिलासा घरी पोचेपर्यंतही पुरत नाही.

जिवाणूंचा हात कुठे

गॅस्ट्रो होऊन गेलेल्या साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएस जडतो. याचा सर्वांत मोठा धडा मिळाला तो कॅनडातल्या वॉकरटन गावात. मे २००० मध्ये मुसळधार पावसाने गुरांचे शेण एका उथळ विहिरीत उतरले आणि गावाच्या नळाला ई-कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर आले. दोन-तीन वर्षांनी पाहिले तेव्हा त्या साथीत सापडलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के लोकांना आयबीएस होता, आठ वर्षांनी हे प्रमाण १५ टक्क्यांवर आले होते. आपल्या वाडीतल्या विहिरीची कहाणी याच वळणाची आहे. ज्यांना हा त्रास मागे राहतो त्यांत बायका जास्त, ज्यांचे जुलाब लांबले ते जास्त, ज्यांनी त्या वेळी प्रतिजैविके घेतली तेही जास्त. तिन्ही गोष्टी सुलभाताईंच्या बाबतीत होत्या.

संसर्ग करणारा जंतू केव्हाच निघून गेलेला असतो. मागे राहते ती त्याने विस्कटलेली घडी. मोठ्या आतड्यात नांदणाऱ्या जिवाणूंचे आपसातले प्रमाण बदलते आणि आयबीएसच्या रुग्णांत बिफिडोबॅक्टेरियासारखे काही गट कमी आढळतात. आतड्याच्या अस्तराखालच्या संरक्षक पेशी चिडलेल्या राहतात आणि वेदना वाहून नेणाऱ्या नसा जास्त हळव्या होतात. कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठात २०१७ मध्ये आयबीएसच्या रुग्णांच्या शौचातले जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले, तेव्हा त्या उंदरांच्या आतड्याची गती वाढली. ज्या रुग्णांना चिंताही होती, त्यांचे जिवाणू मिळालेले उंदीर बुजरेही वागू लागले. म्हणजे जिवाणूंचा हात आहे, यात शंका नाही.

पण माझ्या उपचाराची दिशा ठरली ती दुसऱ्या एका प्रयोगाने. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये निरोगी माणसांना आणि आयबीएसच्या रुग्णांना इन्युलिन हे जिवाणूंचे आवडते खाद्य देऊन एमआरआय काढले. पोटातला वायू दोघांतही सारखाच वाढला, त्रास मात्र रुग्णांना जास्त झाला. जिवाणू वायू करतात तो सगळ्यांच्याच पोटात, पण हे पोट तो सहन करू शकत नाही. सुलभाताईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "म्हणजे माझ्या पोटात घाण नाही?" सात महिने त्या तेच समजून चालल्या होत्या.

समोरचे पर्याय

सासूबाईंचे म्हणणे सरळ होते. "डॉक्टरांनू, जंतू मरूक नाय तर ह्यां बरां कसां होतला?" घरातल्या सगळ्यांच्याच मनात ते होते आणि त्याला वैद्यकीय आधार नाही असेही नाही. रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत चौदा दिवसांच्या रिफॅक्सिमिनने शंभरातल्या सुमारे ४१ जणांना पुरेसा आराम पडला, औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीने ३२ जणांना. फायदा खरा आहे, पण तो शंभरात नऊ जणांचा. शिवाय बऱ्याच जणांना त्रास परत येतो आणि गोळ्या महाग आहेत. तीन वेळा प्रतिजैविके झालेल्या पोटाला चौथे लगेच द्यायचे नाही, ते राखून ठेवायचे, असे ठरवले.

पुण्यातल्या भाच्याने शौचातल्या जिवाणूंची 'संपूर्ण तपासणी' करून घ्या म्हणून सुचवले होते. अहवाल रंगीत येतो, गटांची टक्केवारी येते, पण आयबीएसचा म्हणून जिवाणूंचा एक ठरावीक साचा अजून कोणाला सापडलेला नाही आणि त्या अहवालावरून उपचार बदलत नाही. हजारो रुपये वाचवले.

प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी मानलेले जिवंत जिवाणू देण्याबद्दल तज्ज्ञांतच एकमत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आयबीएससाठी ते न देण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी ब्रिटिश संघटनेने बारा आठवडे घेऊन पाहा, गुण नाही आला तर बंद करा, असे म्हटले. आम्ही पाकिटातल्या कॅप्सूल घेतल्या नाहीत. दुसऱ्याच्या शौचातले जिवाणू आतड्यात सोडण्याच्या उपचाराचा व्हिडिओ मुलीने दाखवला होता. नॉर्वेत त्याचे निकाल चांगले आले, डेन्मार्कमधल्या चाचणीत मात्र दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्यांनाच जास्त आराम पडला. तो पर्याय तिथेच संपला.

उरला आहार. जिवाणूंना मारण्याऐवजी त्यांच्या पुढ्यात काय जाते ते काही काळ बदलायचे. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही साखरा पाणी ओढून घेतात आणि पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू त्या आंबवतात. त्यांना मिळून फॉडमॅप म्हणतात. त्या कमी करण्याचा आहार मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात आकाराला आला. त्याचे तीन टप्पे आहेत: काही आठवडे वर्ज्य करणे, मग एकेक परत आणून तपासणे, आणि शेवटी आपल्यापुरती मापे ठरवणे. मोनाशच्या यादीत ब्रोकोली आणि सफरचंद आहे, आपल्या घरात ती नाहीत. यादी आपल्या स्वयंपाकघरातून नव्याने लिहायची होती.

वाटप, कुळीथ आणि चार आठवडे

आहारतज्ज्ञ ताई फोनवर होत्या, मी समोर, आणि सुलभाताई वहीत लिहीत होत्या. दोन आठवड्यांची खाण्याची नोंद आधीच झाली होती. ती वाचताना लक्षात आले की कोकणातले जेवण या आहाराला बरेचसे अनुकूल आहे. उकड्या तांदळाची पेज, तांदळाची भाकरी, घावणे, मासे, अंडी, भेंडी, वांगी, काकडी यांत अडचण नाही. माशात तर या साखरा नसतातच. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले कांद्याशिवायच होते.

अडचण होती ती भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपाची. नोंदीत रोज संध्याकाळी पोट फुगलेले आणि रोज दुपारी त्याच वाटपाची आमटी किंवा सुके. कांदा-लसणातली फ्रुक्टान ही साखर पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. म्हणून युक्ती अशी केली: लसूण ठेचून तेलात परतायची, वास तेलाला लागला की पाकळ्या काढून टाकायच्या. कांद्याच्या जागी पातीचा फक्त हिरवा भाग आणि हिंग. वाटप खोबरे, धणे, मिरी आणि मिरचीचे. सोलकढीत लसणाऐवजी जिरे. पाहुण्यांसाठी नेहमीचे वाटप वेगळे व्हायचे, म्हणजे दोन पातेली आणि दुप्पट काम. एवढा भार उचलायची त्यांची तयारी आहे का, हे मी आधीच विचारले होते. सासूबाईंनी घरच्या पातेल्याचे काम स्वतःकडे घेतले. यात कोणत्याही औषधाइतका वाटा त्यांचा आहे.

कुळथाची पिठी आणि कडव्या वालाचे बिरडे, दोन्ही चार आठवडे बंद केले. कडधान्यांतल्या साखरा तोडणारे विकर माणसाच्या आतड्यात नसते, ते काम जिवाणूच करतात. ओल्या काजूची उसळ, चपाती, बिस्किटे, आंबा, फणस, कलिंगड हेही थांबवले. सोबत इसबगोल, अगदी चिमटीपासून वाढवत एक चमचा. कळ आली तर आतड्याचा पेटका सैल करणारे मेबेव्हेरिन.

तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळचे फुगणे निम्म्यावर आले. चौथ्या आठवड्याअखेर पोटदुखीचे दिवस आठवड्यातून पाच-सहावरून एकदोनवर आले होते आणि सकाळच्या फेऱ्या दोनवर.

खरा कस: परत खायला लागणे

या आहाराची माहिती सगळीकडे सापडते, पण बहुतेक ठिकाणी ती पहिल्या टप्प्यावरच संपते. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत मोठा निर्णय इथे होता.

सुलभाताईंना पथ्य थांबवायचे नव्हते. एवढ्या महिन्यांनी पोट शांत झाले होते, एप्रिलचा हंगाम तोंडावर होता, खोल्या भरलेल्या. "आता काही बदलू नका डॉक्टर," त्या म्हणाल्या. मागणी रास्त होती. पण ज्या साखरा आपण बंद करतो त्याच बिफिडोबॅक्टेरियाचे अन्न आहेत. या आहारात त्यांची संख्या घटते, हे लंडनमधल्या किंग्ज कॉलेजच्या चाचणीत २०१२ मध्येच दिसले. आधीच विस्कटलेल्या आतड्याला महिनोन्‌महिने उपाशी ठेवणे म्हणजे आजची शांतता उद्याकडून उसनी घेणे. शिवाय बंद यादी जितकी लांबते तितकी खाण्याची भीती घट्ट होते.

जबरदस्ती केली नाही. तुम्हाला सर्वांत जास्त काय खावेसे वाटते, एवढेच विचारले. उत्तर यायला क्षणही लागला नाही: हापूस. मग सुरुवात तिथूनच केली. आंब्यात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असते, म्हणून तो फ्रुक्टोजची चाचणी म्हणून चालतो. पहिल्या दिवशी दोन फोडी, दुसऱ्या दिवशी अर्धा आंबा, तिसऱ्या दिवशी पूर्ण, बाकी जेवण तेच. अर्ध्यापर्यंत काही झाले नाही, पूर्ण खाल्ल्यावर संध्याकाळी गुडगुड. मग तीन दिवस विश्रांती. दवाखान्यात येऊन त्यांनी सांगितले ते "अर्धो चलता" असे, आणि पुढची वस्तू कोणती ते स्वतःच विचारले.

मग चपाती: दोन चालल्या. बिरडे: रात्रभर भिजवून पाणी फेकले, मोड आणले, सोलले आणि लहान वाटीभर खाल्ले तर चालले. कुळथाच्या पिठीने मात्र दोन्ही वेळा त्रास दिला. मोड काढताना आणि पाणी फेकताना वालातल्या साखरा बऱ्याच कमी होतात, पिठीचा कुळीथ भाजून थेट दळलेला असतो. ओले काजू चालले नाहीत. वाटपातला कांदा अर्धा केला तरी चालला नाही, आणि याचेच त्यांना सर्वांत वाईट वाटले.

मे संपेपर्यंत बंद यादीत तीन वस्तू उरल्या.

जून-जुलै

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ट्रॉलर किनाऱ्याला, खोल्या रिकाम्या, बँकेचा हप्ता चालू. जूनच्या मध्यावर सकाळच्या फेऱ्या पुन्हा चारवर गेल्या. आहाराची वही तपासली, खाण्यात काही चुकले नव्हते. त्यांची झोप गेली होती.

दुसऱ्यांदा रिफॅक्सिमिनचा विचार आला. पण मेंदू आणि आतडे यांच्यातली वाहतूक दोन्ही बाजूंनी चालते आणि या खेपेला जोर वरून आला होता. रात्री अमिट्रिप्टिलिन हे मुळात नैराश्यावरचे औषध १० मिलिग्रॅम सुरू केले. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत १० ते ३० मिलिग्रॅमच्या मात्रेने आयबीएसला चांगला आराम पडला होता, आणि ते आतड्याची गतीही थोडी मंद करते, म्हणून जुलाबाच्या प्रकारात सोयीचे. 'ही वेड्याची गोळी तर नव्हे?' हा प्रश्न येणारच होता, म्हणून आधीच सांगितले: नैराश्यासाठी याच्या कितीतरी पट मात्रा लागते, इथे आपण आतड्याच्या नसा शांत करतो आहोत. पहिला आठवडा तोंड कोरडे पडले. महिन्याने झोप लागू लागली आणि फेऱ्या दोनवर आल्या.

आजची स्थिती

दुखणे सुरू होऊन सव्वा वर्ष झाले. आठवड्यात एखादा दिवस वाईट जातो. बाजारात त्या पुन्हा जातात, चतुर्थीला दोन उकडीचे मोदक खाल्ले, सावंतवाडीपर्यंत एसटीने जाऊन आल्या. गोळी १० मिलिग्रॅमवरच आहे, सहा महिने पूर्ण झाल्यावर ती कमी करून पाहू. प्रतिजैविक या काळात एकदाही दिले नाही.

वेगळे काय करता येईल

सुरुवात विहिरीपासून. पाणी गढूळ दिसले त्याच दिवशी ग्रामपंचायतीकडून पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल (क्लोरीनची) पावडर पडली असती आणि घरोघरी पाणी उकळले गेले असते, तर हे प्रकरण घडलेच नसते. जुलाब सुरू झाल्यावर ओआरएस, आणि ताप किंवा रक्त असेल तर औषधाआधी शौचाची तपासणी. बहुतेक जुलाब प्रतिजैविकांशिवाय थांबतात. उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या खेपेला काढणे तर पूर्ण बंद व्हायला हवे.

आयबीएसचे निदान होण्यासाठी सहा महिने लागतात, पण तो होऊ शकतो हे सांगायला सहा महिने थांबण्याची गरज नाही. गॅस्ट्रो लांबलेल्या रुग्णाला महिन्याभराने बोलावून पोट कसे आहे एवढे विचारले, तरी मधल्या दोन खेपांच्या गोळ्या वाचतात.

आहार सुरू करतानाच परत खाण्याच्या पहिल्या वस्तूची तारीख ठरवून वहीत लिहावी, आणि ती वस्तू रुग्णाने निवडावी. झोप आणि घरचा हिशोब यांची चौकशी पहिल्याच भेटीत व्हावी, मासेमारी बंदीचा महिना कोणता ते तर आपल्याला आधीच माहीत असते. त्या जुलैत वाडीतल्या ज्या इतर घरांत जुलाब झाले होते, तिथल्या दोघांना असाच त्रास असल्याचे सुलभाताईंनीच सांगितले. पुढच्या आठवड्यात ते दोघे तपासणीला येणार आहेत.